पं. विष्णु दिगंबर पलुसकर : गाणे सर्वांच्या मुखी देणारे गुरुजी

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे आपल्या परंपरेतले फडकरी नव्हते, वीणेकरी नव्हते. त्यांचे दैवत राम आणि ग्रंथ तुलसीरामायण. तरी या शताब्दी अंकात त्यांचे चरित्र घ्यावे असे आम्ही ठरवले तेव्हा एक-दोन ज्येष्ठांनी विचारलेच, की बाबांनो, गवयाचे आपल्या दिंडीत काय काम? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे शेकडो वर्षे माणसे रांगेत उभी राहून, एकाने सांगायचे आणि सगळ्यांनी झेलायचे, अशा रीतीने गात आली. त्यात शेतकरी असतो, शिंपी असतो, कुंभार असतो, आणि कोणाचा गळा कसा आहे हे कोणी विचारत नाही. पण याच महाराष्ट्रात रागदारीचे गाणे मात्र राजाच्या दिवाणखान्यात आणि उस्तादाच्या घरात अडकून पडले होते. ते बाहेर काढून चारचौघांच्या पोरांना एकत्र बसवून शिकवायचे काम ज्या माणसाने जन्मभर केले, त्याची ओळख आपल्या टाळकऱ्यांना असायला हवी, एवढेच आमचे म्हणणे.

पंडितजींचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला झाला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे हे गाव, पलीकडे नरसोबाची वाडी. तेव्हा कुरुंदवाड हे पटवर्धनांचे छोटे संस्थान होते. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ, पण पलूस गावचे म्हणून पलुसकर. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. आता हे कीर्तन म्हणजे आपले वारकरी कीर्तन नव्हे, नारदीय कीर्तन. त्यात बुवा एकटा उभा असतो, मागे पेटी-तबला. पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान, मधे साकी आणि दिंडी म्हणायची. (ही दिंडी म्हणजे एक वृत्त बरे का, आपल्या दिंडीशी तिचा संबंध नाही.) आपल्या कीर्तनात मागे टाळकरी उभे असतात आणि ध्रुपद सगळे मिळून धरतात. हा फरक ध्यानात ठेवावा. एकट्याने गायच्या घरात जन्मलेला हा मुलगा पुढे शेकडोंना एका सुरात गायला लावणार होता.

लहानपणीच घात झाला. दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडावर उडाला आणि डोळे भाजले. जीव वाचला, पण दृष्टी कायमची अधू झाली. शाळा सुटली. उपचारासाठी त्याला मिरजेला डॉ. भडभडे यांच्याकडे नेले. डोळ्यांना फारसा उतार पडला नाही, पण डॉक्टरांनी मुलाचा गळा ओळखला आणि याला गाणे शिकवा असा सल्ला दिला. मिरजेच्या अधिपतींनी आश्रय दिला, आणि विष्णू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली गेला.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गवई. त्या विद्येसाठी त्यांनी स्वतः तरुणपणी उत्तरेत पायपीट करून, हाल सोसून वासुदेवबुवा जोशींची सेवा केली होती. त्या काळी गाणे मिळायचे ते असेच. शिष्याने गुरूच्या घरी राहायचे, पाणी भरायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरू गाईल ते कानात साठवायचे. वही नाही, पुस्तक नाही. गुरूच्या मनात आले तर एक चीज पूर्ण मिळे, नाही तर अस्थाई एका वर्षी आणि अंतरा दुसऱ्या वर्षी. विष्णूने हे सगळे केले. पहाटेपासून रियाज, रात्री पुन्हा रियाज. गाणे पक्के झाले, दरबारात मान मिळू लागला.

मग 1896 साली चोविसाव्या वर्षी त्यांनी मिरज सोडली. का सोडली याची एक हकीकत सांगतात. गावात काही समारंभ होता, त्याचे आमंत्रण संस्थानिकांच्या मर्जीतले म्हणून यांना आले, पण गुरुजींना आले नाही. गवई तो गवई, त्याला कशाला बोलवायचे, असा तो भाव. ज्याच्या गाण्याला माना डोलवायच्या त्यालाच पंगतीबाहेर ठेवायचे, हे यांच्या मनाला लागले. हकीकत अक्षरशः अशीच घडली असेल किंवा तिला पुढे पदर फुटले असतील, पण त्या काळची स्थिती तशीच होती यात शंका नाही. गाणाऱ्याला बिदागी होती, प्रतिष्ठा नव्हती. घरंदाज माणूस गाणे ऐके, पण आपल्या मुलाला गवयाच्या घरी पाठवत नसे, आणि मुलीला तर नाहीच. हे बदलायचे असे मनाशी धरून अधू डोळ्यांचा हा तरुण राजाश्रय सोडून निघाला.

औंध, सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा असा तो प्रवास झाला. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज त्यात काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा ती नवलाची गोष्ट होती. चार आणे, आठ आणे देईल त्याने येऊन बसावे. सरदाराला वेगळा आणि दुकानदाराला वेगळा दरवाजा नाही. मथुरेत त्यांनी ब्रजभाषेचा अभ्यास केला, चंदन चौबे यांच्याकडून धृपदाची विद्या घेतली. सूरदास, तुलसीदास, मीरा, कबीर यांची पदे तिथे त्यांच्या गळ्यात रुजली. गिरनारवर एका साधूने पंजाबकडे जा असे सांगितले अशीही आख्यायिका आहे. पुढे ते पंजाबात गेले, हे मात्र इतिहासात आहे.

5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. विचार करा, कुरुंदवाडचा माणूस, वय अठ्ठावीस, डोळे अधू, मुलूख परका, भाषा परकी. पाठीशी राजा नाही. संस्थान चालवायचे ते लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांवर. सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. गाणे शिकायला मुलाला पाठवायचे म्हणजे काय, असे लोक म्हणत. पंडितजींनी वाट पाहिली, घरोघर गेले, सभांमधून गायले, बोलले. हळूहळू वर्ग भरले. पुढे स्त्रियांसाठीही वेगळे वर्ग निघाले, आणि घरंदाज बायका-मुली तानपुरा घेऊन बसू लागल्या.

इथे थोडे थांबून, त्यांनी शिकवले कसे ते सांगितले पाहिजे. गुरूसमोर एक शिष्य ही रीत त्यांनी मोडली असे म्हणता येणार नाही, पण तिच्या शेजारी दुसरी रीत उभी केली. वीस-पंचवीस मुले एका खोलीत. आधी स्वर, मग अलंकार, हाताने टाळी-खाली देत ताल, मग एक सोपी बंदिश सगळ्यांनी मिळून. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली वेळ, परीक्षा आणि प्रमाणपत्र. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने. संस्थेच्या जलशात मुले रांगेने बसून एका सुरात गात. आज आपण ज्याला समूहगान म्हणतो ते रागदारीच्या क्षेत्रात लोकांनी या मुलांच्या तोंडून ऐकले. जे होतकरू आणि गरीब, त्यांना ते जेवणखाण देऊन संस्थेतच ठेवून घेत. मात्र करार पक्का असे, की नऊ वर्षे शिकायचे आणि नंतर हीच विद्या दुसऱ्यांना शिकवायची. अशा मुलांना उपदेशक म्हणत. शिस्त कडक होती. व्यसन चालत नसे, वेळ चुकलेली चालत नसे. पंडितजी रागीटही होते. पण पोरांचे कपडे, जेवण, आजारपण सगळे त्यांच्या अंगावर.

आपल्या वाचकांना इथे आळंदीची आठवण होईल, आम्हालाही झाली. विष्णुबुवा जोग महाराजांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती याच जातीची गोष्ट. परंपरेने घराघरात, फडाफडात चालत आलेली विद्या कोणाही मुलाला, त्याचे घराणे न विचारता, राहण्याची सोय करून, ठरावीक वर्षांत शिकवायची आणि मग त्याला गावोगाव पाठवायचा. दोघेही विष्णू, दोघांचा काळ एक, आणि दोघांनाही एकच काळजी, की ही विद्या चार जणांपाशी राहिली तर त्यांच्याबरोबर जाईल.

वर्ग घ्यायचे तर पुस्तक पाहिजे. म्हणून पंडितजींनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धत बसवली आणि 'संगीत बालप्रकाश', 'राग प्रवेश' अशी पुस्तके एकामागून एक काढली. 'संगीतामृत प्रवाह' नावाचे मासिक चालवले. छापखाना घातला, वाद्ये बनवायचा आणि दुरुस्तीचा कारखाना घातला. चांगला तानपुरा वेळेवर मिळत नाही हे त्यांनी सोसले होते. स्वरलेखनाच्या बाबतीत पुढे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची पद्धत अधिक चालली, कारण ती लिहा-वाचायला सोपी होती. पलुसकरांच्या पद्धतीत मात्रेचे बारीक बारीक भाग दाखवण्याची सोय जास्त, म्हणून खुणाही जास्त. दोन्ही विष्णूंचे एकमेकांशी फारसे जमले नाही. भातखंड्यांचा ओढा शास्त्राकडे, यांचा प्रचाराकडे. अशी भांडणे आपल्याकडेही नवीन नाहीत, दोन फडांची चाल एक नसते.

लिहिलेल्या गाण्यावर तेव्हाही टीका झाली. जुने गवई म्हणत, कागदावरून का कुठे गाणे येते? खरे सांगायचे तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मींड, आंदोलन, श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, हे कागद सांगत नाही. पंडितजींनाही ते माहीत होतेच. ते स्वतः दहा वर्षे ऐकून शिकलेले. पण वर्गातल्या शंभरांपैकी नव्वद जण मोठे गवई होणार नाहीत, ते जाणते श्रोते होतील, आणि गाण्याला जगवायला तेच लागतात, असा त्यांचा हिशेब होता. आमच्या मते हा हिशेब बरोबर ठरला. आपल्या दिंडीत गेली काही वर्षे हीच चर्चा चालू आहे. जुन्या चाली, विशेषतः काकड्याच्या आणि वाटेवरच्या, आता मोजक्याच टाळकऱ्यांना पूर्ण येतात. त्या लिहून ठेवाव्यात, निदान ध्वनिमुद्रित तरी कराव्यात, असे काही जण म्हणतात. काही जण म्हणतात, चाल चालता चालता कानावर पडूनच येते, लिहिली की मेली. आम्हाला वाटते पंडितजींचे उदाहरण दोन्ही बाजूंनी पाहावे. त्यांनी लिहिलेही आणि मुलांना जवळ बसवून गाऊन घेतलेही. नुसता कागद त्यांनी कधीच कोणाच्या हातात दिला नाही.

त्यांच्या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर चरित्राची आरती होते. ख्याल-ठुमरीत शृंगाराचे शब्द असत. ते घरंदाज मुला-मुलींच्या तोंडी नकोत म्हणून पंडितजींनी पुष्कळ बंदिशींचे शब्द बदलून तिथे भक्तीचे शब्द घातले. हेतू चांगला, आणि त्याशिवाय तेव्हा मुली गाण्याला आल्याही नसत्या. पण त्यात काही सुंदर जुन्या रचनांचे मूळ रूप झाकले गेले. तसेच, ज्या ग्वाल्हेर गायकीवर हे सगळे उभे होते ती हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्या घरातून आलेली. नव्या विद्यालयांत प्रार्थना, पोशाख, वातावरण सगळे असे झाले की त्या उस्तादांच्या मुला-नातवंडांना तिथे आपलेपणा वाटणे अवघड गेले. शेख महंमदांना आणि कबिरांना संतमांदियाळीत बसवणाऱ्या आपल्या संप्रदायाला हे खटकल्यावाचून राहणार नाही. त्यांच्या मनात द्वेष होता असे आम्ही म्हणत नाही. पण मोठ्या कामाच्या सावलीत काही झाडे खुरटतात.

1908 साली त्यांनी मुंबईला विद्यालय काढले आणि स्वतः तिकडे आले. मुंबईत काम भराभर वाढले. विद्यार्थी आले, नाव झाले, आणि 1915 मध्ये सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. तीच पुढे गळ्याशी आली. इमारत कर्जावर बांधलेली. शे-दीडशे माणसांचे खाणेपिणे, शिक्षकांचे पगार, छापखाना, कारखाना, आणि मिळकत म्हणजे मुख्यतः पंडितजींचे जलसे. ते गात फिरत तोवर हप्ते जात. पण त्यांचे मन हळूहळू दुसरीकडे वळत होते.

त्याआधी काँग्रेसच्या अधिवेशनांचे सांगू. वंदे मातरम् हे गीत त्यांनी काफी रागात बांधले आणि वर्षानुवर्षे अधिवेशनांत हजारोंपुढे म्हटले. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. मंडपाच्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायचा तो नुसत्या छातीच्या बळावर. असा आवाज आपल्याकडे जुन्या चोपदारांचा असे. 1923 च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धार्मिक कारणावरून गाण्याला हरकत घेतली. पंडितजींनी हा राष्ट्राचा मंडप आहे, कोणा एका धर्माचे स्थान नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले आणि गीत पुरे करूनच खाली बसले. रघुपती राघव ही जी रामधून आज शाळाशाळांतून ऐकू येते, तिची प्रचलित चालही त्यांच्याच नावावर सांगितली जाते. ती चाल नीट ऐका. उडी नाही, अवघड वळण नाही, ज्याचा गळा दोन-चार सुरांपलीकडे जात नाही त्यालाही म्हणता येईल अशी. एवढा मोठा गवई, त्याने मुद्दाम इतके सोपे बांधले. पहिल्यांदा आलेल्या वारकऱ्यालाही तिसऱ्या आवर्तनाला धरता यावी अशी चाल बांधणे किती कठीण असते, हे आपल्या चालकऱ्यांना विचारा.

महात्मा गांधींनी साबरमती आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला तेव्हा पंडितजींनी आपला शिष्य दिला, नारायण मोरेश्वर खरे. 1918 पासून खरे आश्रमात राहिले. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना त्यांनी बसवली, 'आश्रम भजनावलि' तयार केली, आणि तिच्यात तुकोबारायांचे अभंगही घेतले. म्हणजे गुजरातेत साबरमतीच्या काठी रोज पहाटे तुकाराम म्हटला जाऊ लागला. 12 मार्च 1930 ला गांधीजी दांडीला निघाले तेव्हा बरोबरच्या सुमारे 80 जणांत खरेही होते. 24 दिवस, रोज मजल दरमजल, मुक्कामाला प्रार्थना, वाटेने भजन. दांडी आणि दिंडी यांत एका वेलांटीचे अंतर आहे, एवढीच गंमत करून पुढे जातो.

आता पंडितजींच्या घरातले दुःख. त्यांना बारा मुले झाली, त्यांतली अकरा गेली. उरला तो 1921 साली जन्मलेला दत्तात्रेय. एकामागून एक मूल जात असताना माणूस विद्यालय चालवतो, कर्ज फेडतो, सभेत गातो, याची कल्पना आपण करू शकत नाही. याच काळात त्यांचे चित्त पूर्ण रामनामाकडे लागले. भगवी वस्त्रे आली. नाशिकला त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. मैफल मागे पडली. तुलसीरामायणावर प्रवचन, रामधून, पुन्हा प्रवचन. उठता-बसता राम. साहजिकच जलशांचे उत्पन्न आटले. सावकारांनी तगादा लावला आणि इमारत उभी राहून दहा वर्षे होतात न होतात तोच ती कर्जापायी गेली. सामानसुमानाचाही लिलाव झाला.

याबद्दल लोक दोन तऱ्हांनी बोलतात. कोणी म्हणतो, केवढे वैराग्य. कोणी म्हणतो, संस्था बुडवली. शिष्यांपैकीही काहींना त्यांचे हे वळण रुचले नव्हते. आम्हाला यात निवाडा द्यायचा नाही. पण एक गोष्ट दिसते. इमारत गेली तेव्हा तिच्यात शिकलेली माणसे बाहेर पडलेली होती, आणि नऊ वर्षांच्या कराराप्रमाणे ती शिकवत होती. विनायकराव पटवर्धनांनी पुण्याला विद्यालय काढले, प्रा. बा. र. देवधरांनी मुंबईला. नारायणराव आणि शंकरराव व्यास यांची शाळा दादरला. ओंकारनाथ ठाकूर तर पुढे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. दिल्लीचे गांधर्व महाविद्यालय विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 मध्ये सुरू केले. मैफल भजनाने संपवायची ही जी रीत आज सगळीकडे दिसते, तिचे श्रेयही याच परंपरेला देतात.

शेवटी आजारपण आले, आणि जिथे गाणे शिकले त्या मिरजेतच 21 ऑगस्ट 1931 रोजी पंडितजींनी देह ठेवला. वयाची 59 वर्षे आणि वर तीन दिवस. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षा आजही गावोगाव होतात. आपल्या दिंडीतले दोन मृदंगी आणि तीन-चार मुली या परीक्षांना बसलेल्या आहेत.

दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी, त्याला वाढवले आणि शिकवले. तोच पुढे पं. द. वि. पलुसकर या नावाने देशाला ठाऊक झाला. अवघे 34 वर्षांचे आयुष्य, 1955 साली तेही गेले. त्यांची भजने ध्वनिमुद्रिकांतून राहिली आहेत. आमच्यापैकी ज्यांनी ती ऐकली नसतील त्यांनी एकादशीच्या रात्री जागराला जरूर लावावीत. आवाज गोड, शब्द स्वच्छ, आणि मागे टाळ धरावा असे वाटेल इतकी लय सरळ.